इलेक्ट्रॉन हाच क्षपणक : विजेच्या साहाय्याने अल्कोहोल

मागील महिन्यात याच स्तंभात मिठाच्या पाण्यातून वीज सोडून कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन कसे तयार करतात, याची माहिती दिली होती. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांचा रोख एकच होता : विजेने असेंद्रिय रसायने तयार होतात हे ठाऊक आहे, पण अल्कोहोलसारखी सेंद्रिय संयुगेही तशी तयार करता येतील का? निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : अल्डिहाइड व कीटोन यांपासून अल्कोहोल तयार करण्यासाठी सोडियम बोरोहायड्राइड किंवा उत्प्रेरकाच्या सान्निध्यात हायड्रोजन वापरावा, असे आम्हाला पदवीच्या वर्गात शिकवले जाते. हेच काम थेट विजेने होऊ शकते का? होत असेल, तर पाठ्यपुस्तकात त्याचा उल्लेख का नसतो? (एक विद्यार्थिनी, सातारा)

उत्तर : होऊ शकते, आणि ही गोष्ट रसायनशास्त्रज्ञांना शंभराहून अधिक वर्षे माहीत आहे. अल्डिहाइडचे अल्कोहोल होणे म्हणजे कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यातील दुहेरी बंधाला दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रोटॉन मिळणे. असे इलेक्ट्रॉन मिळण्याला क्षपण म्हणतात आणि ते पुरवणाऱ्या पदार्थाला क्षपणक. बोरोहायड्राइड हेच इलेक्ट्रॉन हायड्राइडच्या रूपाने पुरवते आणि काम झाल्यावर बोरॉनचे क्षार मागे ठेवते, ज्यांची विल्हेवाट कारखान्याला लावावी लागते. विद्युत अपघटनाच्या पात्रात इलेक्ट्रॉन तारेतून ऋणाग्रावर (बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या पट्टीवर) येतो, प्रोटॉन पाण्यातून मिळतो आणि वापरून संपलेला क्षपणक असा काही मागे उरतच नाही. हिशेबही सरळ आहे. एक मोल (रेणू किंवा इलेक्ट्रॉन मोजण्याचे रसायनशास्त्रातील एकक) इलेक्ट्रॉन म्हणजे सुमारे ९६,४८५ कुलोम, म्हणजेच एक अँपिअर विद्युतधारा २६.८ तास. एक मोल अल्डिहाइडला दोन मोल इलेक्ट्रॉन लागतात, म्हणून एकही इलेक्ट्रॉन वाया गेला नाही तर ५३.६ अँपिअर-तासांत एक मोल अल्कोहोल मिळावे.

खरी अडचण पुढे आहे. इलेक्ट्रॉन जोडीने येत नाहीत, एकामागून एक येतात. पहिला इलेक्ट्रॉन मिळाल्यावर रेणूचे मुक्त मूलक, म्हणजे जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेला अतिशय क्रियाशील कण, बनते. त्याला लगेच दुसरा इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन मिळाले तर अल्कोहोल तयार होते, परंतु त्याआधीच शेजारचे दुसरे मूलक भेटले तर दोघे जोडले जाऊन दुप्पट कार्बनांचा, दोन हायड्रॉक्सिल गट असलेला रेणू तयार होतो. बेंझाल्डिहाइडपासून बेंझिल अल्कोहोल हवे असताना हायड्रोबेंझॉइन हाती येते ते यामुळेच, आणि ॲसिटोनपासून आयसोप्रोपिल अल्कोहोलबरोबर पिनॅकॉल येते तेही यामुळेच. कोणता मार्ग वरचढ ठरेल हे ऋणाग्राचा धातू, द्रावणाची आम्लता, मूळ पदार्थाची संहती (द्रावणातील प्रमाण) आणि ऋणाग्राचे विभव (व्होल्टमध्ये मोजला जाणारा विद्युतदाब) या सर्वांवर मिळून अवलंबून असते. फ्रिट्झ हाबर यांनी १८९८ मध्ये नायट्रोबेंझीनच्या क्षपणावर प्रयोग करून दाखवून दिले, की ऋणाग्राचे विभव काळजीपूर्वक राखले तर एकाच पदार्थापासून वेगवेगळी उत्पादने निवडून घेता येतात. ही या शास्त्रातील मूलभूत गोष्ट आहे आणि अमोनियाच्या संश्लेषणाइतकीच तीही हाबर यांच्या नावावर सांगितली जावी, असे मला मनापासून वाटते.

पाठ्यपुस्तकात ही पद्धत सहसा न येण्याचे कारणही यातच आहे. बोरोहायड्राइड कोणत्याही चंचुपात्रात जवळपास सारखेच वागते. विजेच्या अभिक्रियेचा निकाल मात्र पात्राची रचना, दोन अग्रांमधील पटल, धातूचा पृष्ठभाग आणि ढवळण्याचा वेग यांनुसार बदलतो. त्यामुळे एका प्रयोगशाळेतील कृती दुसरीकडे जशीच्या तशी जमत नसे. २०१७ मध्ये अमेरिकेतील स्क्रिप्स संशोधन संस्थेचे फिल बॅरन यांचा गट आणि इका ही उपकरण कंपनी यांनी मिळून इलेक्ट्रासिन नावाचे एक प्रमाणित टेबलावरील उपकरण बाजारात आणले, त्यानंतर सेंद्रिय रसायनाच्या प्रयोगशाळांत या पद्धतीचा वापर वाढू लागला आहे.

प्रश्न : आम्ही काही मित्रांनी महाविद्यालयात पाणी, ॲसिटोन आणि विद्युतवहनासाठी थोडे मीठ घेऊन दोन स्टीलच्या पट्ट्या बारा व्होल्टच्या बॅटरीला जोडल्या. भरपूर बुडबुडे आले, डोळ्यांना झोंबणारा वास आला, पण आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळाल्याचे दिसले नाही. काय चुकले? (एक विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : सर्वप्रथम विनंती अशी की हा प्रयोग पुन्हा असा करू नका. मीठ घातल्यामुळे धनाग्रावर (धन टोकाला जोडलेल्या पट्टीवर) क्लोरीन तयार होतो आणि तो ॲसिटोनशी अभिक्रिया करून क्लोरोॲसिटोनसारखी संयुगे देऊ शकतो. क्लोरोॲसिटोन हा अश्रुधूर म्हणून वापरला गेलेला पदार्थ आहे, त्यामुळे डोळे झोंबणे ही गांभीर्याने घ्यायची सूचना होती. शिवाय बुडबुड्यांतील हायड्रोजन आणि ॲसिटोनची वाफ यांना एका ठिणगीचे निमित्त पुरते.

आता रसायनशास्त्र. ऋणाग्रावर आलेल्या इलेक्ट्रॉनांसमोर दोन पर्याय असतात : ॲसिटोनला मिळणे किंवा पाण्यातून हायड्रोजन वायू सोडणे. स्टील, निकेल, प्लॅटिनम यांच्या पृष्ठभागावर हायड्रोजन फार सहज तयार होतो, म्हणून वीज तिकडेच जाते. शिसे, पारा, कॅडमियम, जस्त यांच्यावर हायड्रोजन सुटायला बरेच अधिक विभव लागते, काही वेळा जवळपास एक व्होल्टने अधिक. या अधिकच्या विभवाला अतिविभव म्हणतात आणि त्या मिळालेल्या अवकाशात कीटोनचे क्षपण होऊ शकते. युलियस टाफेल यांनी गेल्या शतकाच्या आरंभी शिशाच्या ऋणाग्रावर सहजी क्षपण न होणाऱ्या सेंद्रिय संयुगांचे क्षपण करून दाखवले, आणि विद्युतधारा व अतिविभव यांचा संबंध सांगणारे १९०५ चे टाफेल समीकरण याच कामाच्या ओघात आले. या प्रयोगांत शिशावर दुसऱ्या धातूचा किंचितसा अंश साचला तरी परिणाम घसरत असे. दुसरी त्रुटी अशी की तुमच्या पात्रात पटल नव्हते. ऋणाग्रावर थोडे अल्कोहोल तयार झाले असते तरी ते फिरत फिरत धनाग्रापाशी जाऊन पुन्हा ऑक्सिडीकृत झाले असते, म्हणजे मिळालेले इलेक्ट्रॉन गमावून बसले असते. दोन्ही अग्रांमध्ये आयन जाऊ देणारे पटल, क्लोराइडविरहित क्षार, योग्य धातू, धूर ओढून घेणारी बंदिस्त जागा आणि शिक्षकांची उपस्थिती, एवढे असल्याशिवाय पुढे जाऊ नये.

प्रश्न : विजेने अल्कोहोल तयार करणारा कारखाना प्रत्यक्षात कधी चालला आहे का, की हे सर्व प्रयोगशाळेपुरतेच आहे? (एक निवृत्त अभियंता, ठाणे)

उत्तर : चालला आहे, आणि त्याची कहाणी या विषयात रस असणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावी अशी आहे. अमेरिकेतील ॲटलस पावडर ही मुळात स्फोटके बनवणारी कंपनी. तिने १९३७ मध्ये ग्लुकोजचे विजेने क्षपण करून सॉर्बिटॉल आणि मॅनिटॉल यांचे व्यापारी उत्पादन सुरू केले. पद्धत स्वार्थमोर महाविद्यालयातील प्राध्यापक हेन्री जर्मेन क्रेटन यांच्या संशोधनावर आधारलेली होती. सॉर्बिटॉल आणि मॅनिटॉल ही दोन्ही सहा हायड्रॉक्सिल गटांची अल्कोहोल आहेत. पहिले आज टूथपेस्टमध्ये, साखरविरहित औषधी सिरपांत आणि क जीवनसत्त्वाच्या निर्मितीत लागते. दुसरे मेंदूवरील सूज उतरवण्यासाठी शिरेतून दिले जाते.

पात्रात पारा चढवलेल्या शिशाचे ऋणाग्र आणि सोडियम सल्फेटयुक्त ग्लुकोजचे द्रावण असे. अडचण ग्लुकोजच्या स्वभावातच होती. पाण्यात ग्लुकोजचे जवळपास सर्व रेणू वलयाकार असतात आणि ज्याचे क्षपण होऊ शकते असा उघड्या साखळीचा अल्डिहाइड हजारात एकाहूनही कमी असतो. वलय उघडण्याचा वेग मर्यादित असल्यामुळे विद्युतधारा वाढवली की जास्तीचे इलेक्ट्रॉन हायड्रोजन सोडण्यात जातात, म्हणून धारा मंद ठेवावी लागते आणि मग तेवढ्याच उत्पादनासाठी ऋणाग्राचा पृष्ठभाग प्रचंड लागतो. द्रावण अल्कधर्मी केले तर वलय लवकर उघडते, पण अल्कधर्मी द्रावणात ग्लुकोजचे काही अंशी फ्रुक्टोज होते आणि फ्रुक्टोजच्या क्षपणातून सॉर्बिटॉलबरोबर मॅनिटॉल येते. कंपनीला दोन्ही पदार्थ विकता येत होते, म्हणून हा दोष काही काळ फायद्याचा ठरला.

पुढे १९४० च्या दशकात निकेल उत्प्रेरकावर उच्च दाबाखाली हायड्रोजन देऊन सॉर्बिटॉल करण्याची पद्धत स्वस्त पडू लागली आणि विजेची पात्रे मागे पडली. वीज महाग होती म्हणून हे घडले असा समज होतो, पण हिशेब तसे सांगत नाही. एक किलो सॉर्बिटॉलला सुमारे २९४ अँपिअर-तास लागतात. पात्राचे व्होल्टेज पाच धरले आणि इलेक्ट्रॉन वाया गेले नाहीत, तर ही वीज दीड युनिट होते. माझ्या मते खर्च वाढवला तो पसरलेल्या पृष्ठभागाने, पाऱ्याने आणि शेवटी गोड द्रावणातून सोडियम सल्फेट वेगळे करण्याच्या कष्टाने. या क्षेत्रात नव्याने उतरणाऱ्यांनी विजेच्या दराआधी या तीन गोष्टींचा विचार करावा.

आपल्या देशात या विषयाला वाहिलेली संस्था तमिळनाडूतील कारैकुडी येथे आहे. केंद्रीय विद्युतरासायनिक संशोधन संस्थेची पायाभरणी जुलै १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झाली आणि जानेवारी १९५३ मध्ये ती सुरू झाली. संस्थेचे संचालक राहिलेले एच. व्ही. के. उडुपा यांनी फिरत्या ऋणाग्रांवर सेंद्रिय संयुगांचे क्षपण करण्याचे मोठे काम केले. ऋणाग्रच फिरवले की ताजे द्रावण पृष्ठभागावर येत राहते आणि धारा वाढवता येते. ज्या पदार्थांना वलय उघडण्यासारखी अडचण नाही, त्यांच्यासाठी हा उपाय फार उपयोगी आहे.

प्रश्न : आमची लहान फाउंड्री आहे आणि वाळूचे साचे बांधण्यासाठी आम्ही फ्युरान रेझिन वापरतो. ते ज्या फरफ्युरिल अल्कोहोलपासून बनते ते विजेने तयार करता येईल, असे वाचनात आले. यात तथ्य किती? (एक उद्योजक, कोल्हापूर)

उत्तर : यात पुष्कळ तथ्य आहे, आणि आजच्या सर्व प्रश्नांत मला सर्वाधिक आशादायक वाटणारा हाच विषय आहे. फरफ्युरल हे अल्डिहाइड शेतीतील टाकाऊ भागांपासून मिळते. दाणे काढलेली मक्याची कणसे, ओटची टरफले, उसाचे चिपाड यांतील पाच कार्बनांच्या शर्करा आम्लासह तापवल्या की फरफ्युरल तयार होऊन वाफेबरोबर बाहेर पडते. अमेरिकेतील क्वेकर ओट्स कंपनीने १९२२ मध्ये ओटच्या टरफलांपासून ते औद्योगिक प्रमाणावर काढण्यास सुरुवात केली. आज जगातील बहुतांश फरफ्युरल चीनमध्ये तयार होते. त्याचे फरफ्युरिल अल्कोहोल करण्यासाठी प्रचलित पद्धतीत तांबे आणि क्रोमियम यांचा उत्प्रेरक व हायड्रोजन वापरतात, आणि वापरून झालेल्या उत्प्रेरकातील क्रोमियमची विल्हेवाट ही डोकेदुखी असते.

विजेच्या पद्धतीत तांब्याच्या ऋणाग्रावर, सामान्य तापमानाला व दाबाला, दोन इलेक्ट्रॉनांत हे काम होते. एक किलो फरफ्युरिल अल्कोहोलला सुमारे ५४६ अँपिअर-तास लागतात. पात्राचे व्होल्टेज तीन आणि विजेचा सदुपयोग ८० टक्के धरला, तर हा खर्च साधारण दोन युनिट येतो. अशा मालासाठी तो अजिबात जड नाही.

मात्र आम्लतेचे गणित नीट सांभाळावे लागते. द्रावण तीव्र आम्लधर्मी असेल तर तांब्यावर अल्कोहोलाच्या पुढची पायरी गाठली जाते आणि मिथाइलफ्युरान तयार होते. उदासीन किंवा सौम्य अल्कधर्मी द्रावणात अल्कोहोल अधिक मिळते, पण दोन रेणू जोडले जाऊन होणारे हायड्रोफ्युरॉइनही त्याबरोबर येऊ शकते. आणखी एक गोष्ट आपल्याला रोजच्या कामातून माहीत असेल : रेझिनमध्ये आम्ल मिसळले की वाळू घट्ट होते. फरफ्युरिल अल्कोहोल आम्लाच्या संपर्कात आपोआप बहुलक बनते, आणि फाउंड्रीत जो गुण साचा उभा करतो तोच पात्रात ऋणाग्रावर काळा थर चढवून त्याला निकामी करतो.

वेगळे करण्याचा प्रश्नही आहे. पाण्यात फरफ्युरल जेमतेम आठ टक्के विरघळते, म्हणजे पात्रातून बाहेर पडणारे अल्कोहोलही पातळच असते. शिवाय फरफ्युरलचा उत्कलनबिंदू १६२ अंश सेल्सिअस आणि अल्कोहोलाचा सुमारे १७० अंश, त्यामुळे शिल्लक राहिलेले फरफ्युरल ऊर्ध्वपातनाने वेगळे करणे कठीण जाते. म्हणून पात्रात जवळपास सर्व फरफ्युरल संपवणे आवश्यक ठरते, आणि शेवटच्या टप्प्यात संहती घसरल्यावर वीज नेमकी हायड्रोजनकडे वळते. एकट्या फाउंड्रीने हे यंत्र बसवावे असा सल्ला मी देणार नाही. ज्याच्याकडे चिपाड आणि वाफ दोन्ही आहेत अशा साखर कारखान्याच्या शेजारी हा उद्योग अधिक शोभेल.

प्रश्न : अल्कोहोल नेहमी ऋणाग्रावर, म्हणजे क्षपणानेच मिळते का? (एक शिक्षक, मडगाव)

उत्तर : नाही. सेंद्रिय आम्लाचा क्षार घेऊन धनाग्रावर त्याचे ऑक्सिडीकरण केले, तर कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मूलक उरते. प्लॅटिनमवर अशी दोन मूलके जोडली जातात. ही हर्मान कोल्बे यांची १८४० च्या दशकातील अभिक्रिया. मात्र ग्रॅफाइटचे धनाग्र किंवा परक्लोरेटसारखे क्षार वापरले, तर मूलक आणखी एक इलेक्ट्रॉन गमावते, धनभारित होते आणि पाण्याशी जोडले जाऊन एका कार्बनने आखूड असे अल्कोहोल देते. हान्स होफर आणि मार्टिन मोस्ट यांनी १९०२ मध्ये हे प्रसिद्ध केले. बरीच वर्षे या शोधाकडे दुर्लक्ष झाले. २०१९ मध्ये बॅरन यांच्या गटाने याच मार्गाने, पाण्याऐवजी अल्कोहोल वापरून, इतर पद्धतींनी फार कष्टाने मिळणारे दाटीवाटीचे ईथर तयार करून दाखवले, तेव्हा त्याचे मोल पुन्हा लक्षात आले.

प्रश्न : आमच्या साखर कारखान्याच्या आसवनीत किण्वनाच्या टाक्यांतून जवळपास शुद्ध कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. सहवीजनिर्मितीची वीज आमच्याकडे आहे. या वायूपासून विजेने इथेनॉल करून पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी देता येईल का? (एक कर्मचारी, सांगली जिल्हा)

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. किण्वनात प्रत्येक किलो इथेनॉलमागे सुमारे ९६० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो आणि औष्णिक वीजकेंद्राच्या धुरापेक्षा तो कितीतरी स्वच्छ असतो. त्यापासून विजेने इथेनॉल तयार होते हेही खरे. जपानमधील योशिओ होरी यांनी १९८५ मध्ये तांब्याच्या ऋणाग्रावर कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन व इथिलीनसारखे हायड्रोकार्बन मिळतात हे दाखवले, आणि पुढच्या अभ्यासांत त्याच तांब्यावर इथेनॉलही मिळते हे स्पष्ट झाले. मात्र तांबे एकच उत्पादन देत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये तांब्यावर तयार होणारी १६ वेगवेगळी कार्बनी उत्पादने नोंदवली. इथिलीन आणि इथेनॉल यांची वाट तर बरीच पुढेपर्यंत सामाईक आहे, त्यामुळे एक टाळून दुसरे मिळवणे हा आजही संशोधनाचा विषय आहे. शिवाय ऋणाग्रापाशी तयार होणारा अल्कली कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग कार्बोनेटच्या रूपात अडकवतो, आणि मिळालेले इथेनॉल पातळ असल्यामुळे पुन्हा आसवनीचा खर्च येतोच.

या अडचणी उद्या दूर झाल्या तरी इलेक्ट्रॉनांचा हिशेब बदलणार नाही, आणि माझा मुख्य आक्षेप तेथे आहे. फरफ्युरलला दोन इलेक्ट्रॉन पुरतात. कार्बन डायऑक्साइडपासून इथेनॉलच्या एका रेणूला बारा लागतात. एक किलो इथेनॉलसाठी सुमारे ७,००० अँपिअर-तास होतात. पात्राचे व्होल्टेज तीन आणि एकही इलेक्ट्रॉन वाया न जाणे, असे अतिशय उदार गृहीतक धरले तरी २१ युनिट वीज लागते. निम्मेच इलेक्ट्रॉन इथेनॉलकडे गेले तर ४२ युनिट. आणि हे एक किलो इथेनॉल जाळल्यावर मिळणारी उष्णता साधारण साडेसात युनिटांइतकी असते. लिटरमागे पाहिले तर पहिल्या गृहीतकात साडेसोळा युनिट. विजेचा दर सहा रुपये धरला तर नुसत्या विजेचाच खर्च शंभर रुपये. तेल कंपन्या गेल्या काही हंगामांत इथेनॉलला लिटरमागे साठ-सत्तर रुपयांच्या आसपास भाव देत आहेत, हे आपणास ठाऊकच आहे. तीच वीज ग्रिडला विकली आणि एखाद्या विजेवरील बसने वापरली, तर तिचे चीज अधिक होईल.

आइसलँडमध्ये २०१२ मध्ये कार्बन डायऑक्साइडपासून मिथेनॉल करणारा कारखाना उभा राहिला, त्याचे उदाहरण अनेकदा दिले जाते. तेथे विजेने फक्त पाण्यातून हायड्रोजन काढत आणि मिथेनॉल तयार होई ते उत्प्रेरकावर. प्रत्येक किलो मिथेनॉलला त्यासाठी सुमारे दहा युनिट वीज लागते. भूगर्भातील उष्णतेची वीज आणि त्याच भूऔष्णिक केंद्रातून निघणारा वायू शेजारीच मिळत असल्यामुळे त्यांना ते परवडू शकत होते.

आपल्या कारखान्यासाठी माझे मत असे, की किण्वनाचा वायू गोळा करून, स्वच्छ करून शीतपेयांसाठी किंवा कोरड्या बर्फासाठी विकावा, आणि विजेने काही करून पाहायचेच असेल तर चिपाडातील फरफ्युरलपासून सुरुवात करावी. चिपाडाने ऊर्जेचा मोठा भाग आधीच साठवून ठेवलेला असल्याने तेथे एका युनिटमागे सुमारे अर्धा किलो फरफ्युरिल अल्कोहोल मिळू शकते. कार्बन डायऑक्साइडच्या मार्गाने तेच एक युनिट, सर्व काही सुरळीत झाले तरी, पन्नास ग्रॅमांहून कमी इथेनॉल देते.